बांधावरचा कॅमेरा : आधी थांबा, मग टिपा

पूर्वी गावात कॅमेरा यायचा तो लग्नाला, नाहीतर मंत्री आले तर. आता तो तुमच्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे. त्यामुळे अंबरनाथ तालुक्यात भाताची आवणी आटोपली की माझ्या फोनवर रोज सकाळी फोटोंचा पाऊस सुरू होतो. बहुतेक फोटो एकाच जातीचे. हिरवा पसारा, मध्ये काढणाऱ्याची सावली, कोपऱ्यात त्याचेच बोट. आणि खाली एकच ओळ : "साहेब, कुठलं औषध मारू?"

या प्रश्नाला मी एकदा घाईने उत्तर दिले होते. ते आधी सांगून टाकतो.

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना लागणाऱ्या एका गावातले काका. श्रावणात त्यांनी फोटो पाठवला. भाताची पाने गुंडाळलेली, त्यावर पांढुरके पट्टे. पाने गुंडाळणारी अळी, यात शंका नव्हती. त्या दिवशी मला तीन गावांच्या बैठका होत्या. मी फोनवरच सांगितले, फवारा. किती चुडांवर आहे, बांधाकडेला आहे की सगळीकडे, काहीही विचारले नाही. काकांनी दुकानात जे मिळाले ते आणले आणि एकाऐवजी दोनदा मारले. अळी गेली. काका खूश, मीही खूश.

तीन आठवड्यांनी भात पोटरीत असताना खाचराच्या मध्यभागी एक गोल करपलेला डाग दिसला. चार दिवसांत तो खळ्याएवढा झाला. मी गेलो, चूड बाजूला करून पाण्याच्या वर बुंध्यापाशी पाहिले, तर तपकिरी तुडतुडे दाटीवाटीने बसलेले. आणि कोळी? औषधाला एक दिसेना. अहो, औषधानेच तर गेले होते! सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे भातावर मारली की अळी मरते हे खरे, पण तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रढेकूण त्याआधी मरतात. मग तुडतुड्यांना राखण उरत नाही आणि त्यांची संख्या भराभर वाढते. पुस्तकात मी हे वाचलेले होते. परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते.

त्या खाचरातले निम्मे भात पळिंज निघाले. काका काही ओरडले नाहीत. बांधावर बसून तंबाखू मळता मळता म्हणाले, "साहेब, तुम्ही शेत कुठं बघितलं? तुम्ही फोटो बघितला."

त्या दिवसापासून मी फोटो या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. सुटीच्या दिवशी स्वतः कॅमेरा घेऊन कोंडेश्वरच्या बाजूला, भोजच्या तलावाकडे, बारवीच्या जंगलाच्या कडेने हिंडू लागलो. मी काही मोठा छायाचित्रकार नव्हे. पण हिंडताना निसर्गाचे फोटो काढणारी जाणती माणसे भेटली, काहींचे काम नुसते पाहिले, आणि एक गोष्ट ध्यानात आली. ही माणसे फोटो काढतात कमी आणि बसतात जास्त. ठाण्याचे युवराज गुर्जर यांची फुलपाखरांची आणि किड्यांची छायाचित्रे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. फोटोतल्या किड्याच्या पायावरचे केससुद्धा मोजता येतात. किड्याच्या इतक्या जवळ जायचे तर किड्याने तुम्हाला जाऊ दिले पाहिजे, आणि तो घाईच्या माणसाला जाऊ देत नाही.

याहून मोठे उदाहरण नयन खानोलकर यांचे. लंडनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम दरवर्षी जगभरातल्या वन्यजीव छायाचित्रकारांची स्पर्धा घेते. २०१६ साली त्या स्पर्धेत शहरी विभागाचे बक्षीस खानोलकरांच्या फोटोला मिळाले. फोटो आफ्रिकेतला नाही, ताडोबाचाही नाही. आपल्या मुंबईतल्या गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीतला, वारली पाड्यातल्या एका अरुंद बोळातला. रात्रीची वेळ, दोन्ही बाजूंना घरे, आणि त्यातून चाललेला बिबट्या सरळ कॅमेऱ्याकडे पाहतो आहे.

आता हा फोटो निघाला कसा, ते ऐका. खानोलकरांनी आधी पाड्यातल्या वारली लोकांना समजावले की मला हे कशासाठी करायचे आहे. त्यांची संमती आणि मदत घेतली. मग बोळात कॅमेरा लावून ठेवला. त्याचे दिवे असे लावले की रोजच्या दिव्यांपेक्षा बिबट्याला काही वेगळे वाटू नये. आणि वाट पाहिली. एक रात्र नव्हे, दोन नव्हे, चार महिने! भाताची पेरणी ते कापणी एवढा काळ एका फोटोसाठी.

वारली माणूस बिबट्याला वाघदेवाच्या नात्यातला मानतो, भिंतीवर त्याचे चित्र काढतो. तिथे बिबट्याने माणसांवर हल्ले केलेच नाहीत असे नाही, केले आहेत. तरी तो आजूबाजूला असणार हे धरून तिथली माणसे जगतात. खानोलकरांना फोटोतून तेच दाखवायचे होते.

हे मी आपल्या पानावर का सांगतो? कारण मलंगगडापासून बारवीपर्यंतच्या आपल्या डोंगरपट्ट्यातही बिबट्या आहे. तो पाहुणा नव्हे, रहिवासी आहे. २०१९ च्या जानेवारीत तो उल्हासनगरच्या भर वस्तीत घरात शिरला होता. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे पथक येऊन त्याला बेशुद्ध करून घेऊन गेले. २०२२ च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेला एका इमारतीतच शिरला आणि माणसे जखमी झाली. अशा प्रत्येक वेळी एक गोष्ट हटकून होते. बिबट्या एक आणि त्याच्याभोवती मोबाइल शंभर.

मी स्वतः हे एकदा पाहिले आहे. बांबूच्या बेटात बिबट्या आहे असे कोणी पोराने सांगितले. अर्ध्या तासात तिन्ही बाजूंनी माणसे. कोणी दगड टाकतोय, का? तर जनावर बाहेर आले पाहिजे, फोटो नीट आला पाहिजे. पळायला वाट न ठेवता कोंडलेले जनावर काय करील, हे गोठ्यातल्या मारक्या बैलाला जो ओळखतो त्याला मी सांगायला नको. सुदैवाने बेटात उदमांजर निघाले आणि लोक हसत घरी गेले. बिबट्या असता तर त्या दिवशी हसू आले नसते. खानोलकरांनी त्याच जनावराचा फोटो काढताना दगड उचलला नाही, वाट अडवली नाही. कॅमेरा तोच, फरक माणसाचा.

तेव्हा बिबट्या दिसला तर मागे सरा, त्याला वाट द्या, पोरांना घरात घ्या आणि वनखात्याला कळवा. 'हॅलो फॉरेस्ट'चा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. फोटो काढायचाच तर बिबट्याचा नको, नुकसानीचा काढा. बिबट्याने शेळी, वासरू मारले असेल तर शव जागेवरून हलवू नका. जसे पडले आहे तसे, आजूबाजूची खूण दिसेल असे दोनचार फोटो घ्या. पायाचे ठसे दिसले तर शेजारी काडेपेटी ठेवून टिपा, म्हणजे आकार कळतो, आणि त्यावर पालथी पाटी झाकून ठेवा. वनखात्याला ४८ तासांच्या आत कळवावे लागते. भरपाई अडते ती बहुतेक वेळा इथेच. माणूस दुःखात शव पुरून टाकतो, मग पंचनामा कशाचा करायचा? रानडुकरांनी भात लोळवले असेल तरी हेच. आधी फोटो, आधी खबर, मग आवराआवर.

आता पुन्हा भाताकडे येऊ, कारण बिबट्या वर्षातून एकदा येतो, किडा रोज.

काकांच्या खाचराचा धडा घेतल्यावर मी शेतीशाळेत एक नवा प्रकार सुरू केला. सुरुवातीला लोक हसले. सगळ्यांना सांगतो, मोबाइल खिशात ठेवा आणि एका चुडापाशी पंधरा मिनिटे उकिडवे बसा. बोलायचे नाही, विडी ओढायची नाही. पहिली पाच मिनिटे काहीच दिसत नाही. आपण आल्याने सगळे लपलेले असते. मग हळूहळू शेत परत कामाला लागते. पाण्यावरून कोळी धावत जातो. त्याच्या मागे पांढरी गोटी चिकटलेली दिसते, ती त्याची अंडी, म्हणजे ती मादी. लांडगा कोळी म्हणतात याला. तुडतुडे हे त्याचे रोजचे जेवण. पानावर टाचणी येऊन बसते, चतुर घिरट्या घालतो. तीही शिकारीच. मग बुंध्यापाशी तुडतुडा दिसतो, पानाच्या टोकाशी खोडकिड्याचा अंडीपुंज दिसतो, भुऱ्या कापसाचा पुंजका चिकटवावा तसा. पंधरा मिनिटांनी उठताना माणूस म्हणतो, "एवढं सगळं हाय होय इथं!"

त्यानंतर मोबाइल बाहेर काढायचा. आणि तोही कसा? उभ्याने नाही. फोटो किड्याच्या उंचीवरून घ्यायचा. गुडघे चिखलात टेकवा, लुंगी धुता येते. काच आधी पुसा, निम्मे फोटो चिखलाच्या बोटांनी बिघडतात. दुरून मोठे करून पाहण्यापेक्षा जवळ जा. शेजारी रुपयाचे नाणे धरा. सकाळी आठच्या आत या, दव असते, किडे सुस्त असतात, उजेडही मऊ असतो. आणि एका दुखण्याचे तीन फोटो पाठवा. एक सगळ्या खाचराचा, एक पूर्ण चुडाचा, एक बुंध्याचा किंवा पानाच्या मागच्या बाजूचा. या तिसऱ्या फोटोनेच खरा निकाल लागतो. किती चुडांवर पाहिले आणि किती चुडांवर सापडले, हेही लिहा. तुडतुडे प्रत्येक चुडात पाचदहाच्या आत असतील आणि कोळी हिंडत असतील तर बाटलीला हात लावू नका. खाचरातले पाणी दोनचार दिवस काढून टाका, युरिया थांबवा, आणि पुन्हा पाहा.

आणखी जवळचा फोटो हवा असेल तर मोबाइलला चिमट्याने लावायचे भिंग मिळते. मी माझे उल्हासनगरच्या बाजारातून घेतले, एका वडापावच्या गाडीशेजारच्या टपरीवर घासाघीस करून. उल्हासनगरच्या मालाची चेष्टा करणारे करोत, माझे भिंग अजून शाबूत आहे.

या भिंगाने एक गंमत केली. एका बचत गटाच्या ताईंनी चवळीवरचा किडा टिपून आणला. काळपट, लांबोळका, अंगावर नारिंगी ठिपके, अगदी इवलीशी सुसर म्हणा ना. "हा मावा खातोय का चवळी खातोय, ते नीट दिसंना, म्हणून फोटो मोठा करून बघितला," त्या म्हणाल्या. मोठ्या फोटोत त्याच्या तोंडात मावा स्पष्ट दिसत होता. ती होती लाल ठिपक्यांच्या भुंगेऱ्याची, लेडीबर्ड म्हणतात त्या किड्याची अळी. भुंगेरा सगळे ओळखतात, पोरे त्याला काडेपेटीत ठेवतात. पण त्याच्या अळीला शत्रू समजून वर्षानुवर्षे आपण चिरडत आलो. ताईंनी माझ्याआधी ओळखले, कारण त्यांनी मारण्याआधी पाहिले.

लिंबाचेही तसेच. लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. ती पाने खाते, हे खरे आहे. रोपवाटिकेत किंवा लहान कलमांवर ती वेचून काढावीच लागते. पण परसातल्या मोठ्या लिंबावर दोनचार असल्या तर राहू द्या. आपल्या सरकारने २०१५ साली ज्या निळ्याकाळ्या मोठ्या फुलपाखराला, ब्लू मॉरमॉनला, राज्याचे फुलपाखरू म्हणून घोषित केले, ते लहानपणी लिंबाच्या जातीच्या झाडांवर असेच दिसते. देशात असा निर्णय घेणारे आपले पहिले राज्य. एका शाळकरी मुलीने ही अळी बरणीत ठेवून रोज एक फोटो काढला, कोष होईपर्यंत. तो फोटोसंच मी आता प्रत्येक शेतीशाळेत दाखवतो, माझ्या स्वतःच्या फोटोंपेक्षा त्यालाच दाद मिळते.

फोटोचा आणखी एक उपयोग आहे, आणि तिकडे आपले सगळ्यात जास्त दुर्लक्ष आहे. तो म्हणजे साक्षीचा.

अंबरनाथचे शिवमंदिर तुम्ही शिवरात्रीला पाहताच. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० सालचा लेख त्यावर आहे. १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेची मंडळी इथे आली. त्यांनी देवळाची मापे घेतली, चित्रे काढली, साचे घेतले आणि छायाचित्रेही काढली. त्यानंतर दीडशेहून अधिक पावसाळे त्या दगडावर पडले. शेजारून वाहणाऱ्या वालधुनीचे काय झाले ते तर नाकाला कळतेच. मूर्तीचे नाक झिजले, हात तुटला, तरी तो आधी कसा होता याची नोंद कुठेतरी आहे, कारण कोणीतरी वेळीच टिपून ठेवले.

आता आपल्या जांभळाचे पाहा. बदलापूरच्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोठी गोष्ट झाली. पण ज्या झाडांमुळे ते नाव झाले, ती जुनी झाडे बांधावर, परसात, ओढ्याच्या काठी उभी आहेत, आणि जमीन बिल्डरला गेली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. एका गावात मला एक आजीबाई म्हणाल्या, "आमचं थोरलं जांभूळ लई गोड, गर जाड, बी बारीक." मी म्हटले, दाखवा. त्यांनी बोट केले तिथे इमारतीचा पाया खणलेला होता. त्या झाडाचा फोटो नाही, फळाचा नाही, त्याचे एक कलमही कोणी बांधलेले नाही. गोडी फक्त आजींच्या जिभेवर उरली.

म्हणून यंदा एवढे करा. तुमच्या बांधावर जुने जांभूळ असेल तर त्याचे वर्षभरात चार फोटो घ्या. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोहोर आला की एक, त्यावर मधमाश्या असतील तर त्यांच्यासकट. फळ पिकले की घोसाचा एक. फळ कापून, गर आणि बी शेजारी नाणे ठेवून एक. आणि सबंध झाडाचा, बुंध्याशी माणूस उभा करून एक. मागे गट नंबर, मालकाचे नाव, झाड कोणी लावले ते आठवत असेल तर तेही लिहा. ज्याचे फळ चांगले आहे त्याची काडी कलमासाठी द्या. जमीन विकायची की नाही, हा तुमचा प्रश्न. मी त्यात पडणार नाही. पण झाड पडायच्या आधी त्याची जात तरी वाचू द्या.

इथे तलाठी भाऊ आणि ग्रामसेवक भाऊ यांनाही एक विनंती आहे. (पदांची नावे आता बदलली आहेत, पण गावात अजून हीच चालतात.) जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. मी पाहिलेल्या काही नोंदवह्यांत शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उतरवलेली होती, इतकी की गावात नसलेल्या तलावातले मासेही त्यात होते. रागावू नका, पण ही वही कपाटात ठेवण्यासाठी नाही. गावातली जुनी जांभळे, कोणी अजून राखलेले जुने भाताचे वाण, रानभाज्या, पाणवठे यांचे फोटो तारीख घालून या वहीत लावले तर उद्या रस्ता, कालवा, कारखाना यांची आखणी होताना गावाच्या हातात दाखवायला काही असेल. शाळेतली आठवीनववीची मुले एका महिन्यात हे काम करतील. त्यांना फक्त सही करणारा आणि चहा देणारा माणूस हवा.

ई-पीक पाहणीचे तुम्हाला माहीतच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाचा फोटो शेतकऱ्यानेच काढून सातबाऱ्यावर नोंद करायची पद्धत राज्यभर सुरू झाली. नेटवर्क नाही, अ‍ॅप उघडत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत, मी नाकारत नाही. पण काही जण घरी बसून पोराला रस्त्यावरूनच फोटो काढायला पाठवतात, तेवढे करू नका. आपल्या गटात उभे राहा, पीक ओळखू येईल असा फोटो घ्या. तेवढ्या निमित्ताने शेतात एक चक्करही होते.

राहता राहिले काका. त्या वर्षानंतर ते मला दोन महिने फोटो पाठवत नव्हते. मीही कोणत्या तोंडाने विचारणार? पुढच्या वर्षी शेतीशाळा त्यांच्याच खाचरात घेऊ का, असे भीत भीत विचारले. "घ्या की," म्हणाले. पंधरा मिनिटे तेही बसले. गुडघ्याचा त्रास असल्याने पाटावर बसले, एवढेच.

त्यानंतर भाद्रपदात एका सकाळी साडेसातला त्यांचा फोटो आला. तीन फोटो होते. खाचराचा, चुडाचा, बुंध्याचा. बुंध्याच्या फोटोत रुपयाचे नाणे पाण्यात अर्धे बुडालेले आणि त्याच्या शेजारी लांडगा कोळी, मागे अंड्यांची पांढरी गोटी. खाली लिहिले होते : "वीस चूड बघितलं. अकरात कोळी. तुडतुडं तीनचार. औषध नाय मारत. तुम्ही यायचं तर या, चहा घेऊन जा."